पक्षाघातानंतर कोण वाचतं?

प्रस्तावना

मुंबई, कोलकाता आणि तिरुवनंतपुरम या तीन शहरांत २००३ ते २००६ या काळात पक्षाघाताच्या नव्या रुग्णांची पद्धतशीर मोजणी झाली. इस्पितळात आलेल्यांची तर झालीच, पण जे घरीच राहिले आणि घरीच गेले, त्यांचीही झाली. वयोमानातला फरक हिशेबात धरल्यावर वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे मुंबईत १५२, कोलकात्यात १४५ आणि तिरुवनंतपुरमला १३५ नवे रुग्ण निघाले. तिन्हीकडची भाषा वेगळी, ताटातलं अन्न वेगळं, हवापाणी वेगळं. तरी आकडे एकमेकांच्या जवळ आहेत. मग त्याच अभ्यासकांनी पुढचा प्रश्न विचारला : झटका आल्यापासून महिनाभरात यांतले किती दगावले? तिरुवनंतपुरम शहरात २४.५ टक्के, मुंबईत जवळपास ३० टक्के, कोलकात्यात ४१ टक्के. तिरुवनंतपुरमच्या आसपासच्या खेड्यांत ३७ टक्के. म्हणजे शहराला आणि त्याला लागून असलेल्या खेड्याला आजार जवळजवळ सारख्याच प्रमाणात गाठतो, पण खेड्यात त्याने मरणारे दीडपट असतात.

या पुस्तकाचा विषय ही तफावत आहे. पक्षाघात होणं पुष्कळसं वयावर आणि शरीरावर अवलंबून असतं, असं आपण धरून चालतो. त्यातून वाचणं मात्र माणूस कुठे राहतो, त्याच्याजवळ त्या क्षणी कोण असतं, त्या माणसाला काय ठाऊक असतं आणि झटक्याच्या आधीची दहा-वीस वर्षं त्याच्या रक्तदाबाकडे कुणी पाहिलं होतं का, यावर ठरतं. यांतली एकही गोष्ट नशिबाची नाही. हे वाचकाच्या मनावर ठसावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना थोडी विस्ताराने लिहीत आहे.

आधी आजाराविषयी. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. त्यामुळे त्याच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तो भाग काही मिनिटांत मरू लागतो. पुरवठा दोन प्रकारे तुटतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकते, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मुंबईच्या मोजणीत सुमारे ८० टक्के रुग्ण गुठळीचे आणि १८ टक्के रक्तस्रावाचे होते. बाहेरून पाहताना दोन्ही सारखेच दिसतात : तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हातपाय लुळा पडतो, जीभ जड होते. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिलं, तर ते त्याचा जीव घेऊ शकतं. म्हणून सीटी स्कॅन झाल्याशिवाय कोणताही डॉक्टर पुढचं पाऊल टाकू शकत नाही. या एका गोष्टीत अर्धी विषमता दडलेली आहे, कारण सीटी स्कॅनचं यंत्र जिथे आहे तिथे रुग्णाला न्यावं लागतं, आणि नेण्यात वेळ जातो.

हा वेळ किती मोलाचा, याचा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने २००६ साली मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद पडलेल्या रुग्णाच्या मेंदूतल्या सरासरी १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन उपयोगी पडतं, हे १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झालं, तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. २००८ साली युरोपातल्या चाचणीने ती साडेचार तासांपर्यंत नेली. २०१५ सालापासून मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीतून नळी घालून ओढून काढण्याचं तंत्र मान्य झालं, आणि २०१८च्या सुमारास निवडक रुग्णांसाठी या तंत्राची मुदत चोवीस तासांपर्यंत वाढली. पण मुदत वाढली म्हणून थांबायला सवड मिळाली, असा अर्थ कुणी काढू नये. साडेचार तासांच्या आतसुद्धा पहिल्या तासात दिलेलं इंजेक्शन चौथ्या तासातल्या इंजेक्शनापेक्षा कितीतरी अधिक काम करतं.

आता पुण्यातल्या स्वारगेटकडे येऊ. हे पुस्तक इथे बसून लिहिलं गेलं, आणि त्याला कारण आहे. जेधे चौकात उभं राहिलं की साताऱ्याकडून, सोलापूरकडून, शंकरशेट रस्त्याने आणि टिळक रस्त्याने येणारी वाहतूक एकमेकांत मिसळताना दिसते. एसटी स्थानकात भोर, सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गाड्या लागतात. शेजारून पीएमपीच्या बस सुटतात. २०२४ सालापासून जमिनीखाली मेट्रो येऊन थांबते. मागे मार्केट यार्डात पहाटेपासून हमालांची पाठ वाकलेली असते. या गर्दीत स्कॅनची फिल्म असलेली मोठी पिशवी काखेत धरून, इस्पितळाचा पत्ता विचारणारे नातेवाईक रोज भेटतात. इथून काही किलोमीटरांच्या आत सीटी स्कॅन आहे, मेंदूतज्ज्ञ आहेत, अतिदक्षता विभाग आहेत. आणि इथून सुटणारी गाडी घाट चढून ज्या वाडीच्या फाट्यावर थांबते, तिथे यांतलं काहीच नाही. पहिल्या परिच्छेदातल्या आकड्यांमधली शहर आणि खेडं ही दोन टोकं स्वारगेटला एकाच फलाटावर उभी असतात.

पण शहरात असणं म्हणजे वाचणं, असंही नाही. स्थानकात एखाद्या प्रवाशाच्या हातातली पिशवी अचानक गळून पडते, शब्द तोंडातल्या तोंडात घोटाळतात, आणि भोवतालचे लोक समजतात की उन्हाने चक्कर आली किंवा बाबा प्यायलेले आहेत. त्याला बाकड्यावर आडवं केलं जातं, साखरपाणी पाजलं जातं, घरच्यांची वाट पाहिली जाते. घरचे येतात आणि आधी ओळखीच्या दवाखान्यात नेतात. तिथे बीपी वाढलेलं दिसतं, म्हणून ते उतरवायची गोळी मिळते. मग दुसऱ्या इस्पितळाची चिठ्ठी. मोठ्या इस्पितळाच्या दारात पोहोचेपर्यंत साडेचार तास उलटून गेलेले असतात, आणि सगळा प्रवास झालेला असतो जेमतेम काही किलोमीटरांचा. अंतर कमी असलं तरी आजाराची ओळख नसेल, तर शहरातला रुग्णही वाडीतल्या रुग्णासारखाच उशिरा पोहोचतो.

हे आपल्याला ठामपणे सांगता येतं, कारण काही माणसांनी कष्टाने मोजणी केली. भारतात या कामाची सुरुवात जुनी आहे. वेल्लोरच्या परिसरात १९६९ ते १९७१ या काळात झालेल्या पाहणीत पक्षाघाताने अर्धांग गेलेले नवे रुग्ण वर्षाला लाखामागे अवघे १३ आढळले होते. तेव्हाची लोकसंख्या तरुण होती आणि मोजण्याची रीत वेगळी होती, त्यामुळे तो आकडा आजच्या आकड्याशेजारी जसाच्या तसा ठेवता येत नाही. पण दिशा जगभरच्या अभ्यासांनी पुढे स्पष्ट केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात चार दशकांतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा श्रीमंत देशांत पक्षाघाताचं प्रमाण ४२ टक्क्यांनी उतरलेलं आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांत दुपटीहून अधिक वाढलेलं दिसलं. श्रीमंत देशांतल्या लोकांनी रक्तदाब मोजायला, गोळ्या घ्यायला आणि धूम्रपान सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे आयुर्मान वाढलं, कामाची आणि जेवणाची रीत बदलली, पण रक्तदाब न मोजलेलाच राहिला.

मुंबईची मोजणी डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ या दोन वर्षांत एच प्रभागात केली. जागतिक आरोग्य संघटनेने आखून दिलेली पद्धत त्यांनी वापरली. १,५६,८६१ लोकवस्तीत पहिल्यांदाच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण सापडले : २३८ पुरुष आणि २१८ स्त्रिया. सरासरी वय ६६. म्हणजे स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या फारसं मागे नव्हतं. ‘हा बाप्यांचा, तंबाखू-दारूचा आजार’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मुंबईच्या या नोंदवहीने आणखी एक गोष्ट शिकवली. इस्पितळाचे कागद पुरेसे नसतात. छोटे दवाखाने, घरी येणारे डॉक्टर आणि मृत्यूचे दाखले या सगळ्यांची सांगड घातल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि तो वाचून मी अस्वस्थ झालो. ८६ गावं, ९४,१५४ लोकसंख्या, दोन वर्षांत १५९९ मृत्यू. त्यांतले २२९ म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झालेले होते. गावातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं एकच कारण पक्षाघात होतं. जिथे मलेरिया, कुपोषण आणि सर्पदंश यांची चर्चा होते, त्या जिल्ह्यात. मरणाऱ्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या. ८७.३ टक्के मृत्यू घरीच झाले. आणि त्या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मला हा वाटतो : झटक्यानंतर पहिल्या महिन्यात ४६.३ टक्के मृत्यू झाले. याचाच अर्थ अर्ध्याहून अधिक माणसं पहिला महिना तगली होती आणि नंतर, घरातल्या खाटेवर, हळूहळू गेली.

म्हणून वाचणं हा शब्द आपण नीट वापरला पाहिजे. महिनाभर जिवंत राहणं ही पहिली पायरी झाली. पुढे रुग्णाचा घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, एका कुशीवर पडून पाठीला जखमा होतात, लघवीच्या नळीतून जंतुसंसर्ग चढतो, गोळ्या बंद पडतात आणि दुसरा झटका येतो. यांतल्या बहुतेक गोष्टी टाळता येण्याजोग्या असतात. गिळता येतं की नाही हे चमचाभर पाण्याने तपासल्याशिवाय भरवू नये, दर दोन तासांनी कूस बदलावी, लुळा हात धरून ओढू नये, गोळ्या आयुष्यभर चालू ठेवाव्यात. घरी सोडताना हे कुणीतरी नीट समजावून सांगावं लागतं, आणि समजून घेणारं माणूस बहुधा घरातली सून किंवा बायको असते. तिच्या रोजंदारीचं, झोपेचं, तिच्या स्वतःच्या पाठदुखीचं काय होतं, याची नोंद कोणत्याच नोंदवहीत नसते.

घरच्यांनाच व्यायाम शिकवून रुग्णाला उभं करावं, ही कल्पना आपल्या देशाला सोयीची वाटते. ती खरोखर चालते का, हे तपासणारी ‘अटेंड’ ही चाचणी भारतातल्या १४ इस्पितळांत १२५० रुग्णांवर झाली आणि २०१७ साली तिचे निष्कर्ष आले : सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांत फरक पडला नाही. पुढे ‘स्प्रिंट इंडिया’ या चाचणीत ३१ केंद्रांवर चार हजारांहून अधिक रुग्णांना बारा भाषांतून संदेश, चित्रफिती आणि पुस्तिका दिल्या; त्यानेही पुन्हा झटका येण्याचं प्रमाण घटलं नाही. या दोन्ही निकालांमुळे निराश होण्याचं कारण नाही, पण त्यांतून एक धडा घ्यायला हवा. फिजिओथेरपिस्टचं काम घरच्यांच्या माथी मारून, किंवा माहिती पाठवून, जबाबदारी संपत नाही. हे पुस्तकही माहितीच देतं, आणि म्हणून त्याची मर्यादा इथेच मान्य करतो. माहितीच्या पाठीशी दवाखाना, औषध आणि माणूस उभा असेल, तरच तिचा उपयोग होतो.

सर्वांत मोठं काम झटक्याच्या आधी करायचं आहे. ३२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासाने २०१६ साली दाखवलं की पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा गोष्टींतून येतो आणि त्या दहाही बदलता येतात. उच्च रक्तदाब, हालचालीचा अभाव, रक्तातली चरबी, आहार, पोटाचा घेर, मनावरचा ताण, धूम्रपान, हृदयविकार, दारू आणि मधुमेह. त्यांत एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा जवळपास निम्मा. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. म्हणून हमाल, रिक्षावाला, एसटीचा चालक किंवा वाहक तो मोजायला जात नाही. मोजला आणि गोळी सुरू झाली, तरी बरं वाटतंय म्हणून तो महिनाभरात ती सोडतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड, चटणी आणि हातगाडीवरचा वडापाव यांत ते केव्हाच ओलांडलं जातं. मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरत नाहीत.

यावर उपाय महाग नाही. रक्तदाबाच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळाव्यात, त्या मिळत राहाव्यात आणि रुग्णाची पुढची तारीख कुणीतरी पाहावी, एवढ्यावर पुष्कळ साधतं. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली औषधं, ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाचं कार्ड. अशा कंटाळवाण्या, चिकाटीच्या कामाने मेंदू वाचतात. नळी घालून गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया पाहून आपण थक्क होतो, आणि व्हावंही. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात संपलेली बीपीची गोळी वेळेवर पुन्हा आली, तर त्या शस्त्रक्रियेची वेळच कित्येकांवर येणार नाही.

तरुण रुग्णांविषयी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, कारण आपल्याकडे त्यांची कारणं थोडी वेगळी असतात. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली असते आणि तिथून सुटलेली गुठळी मेंदूत जाते. बाळंतपणानंतर मेंदूतल्या शिरांमध्ये रक्त गोठतं. डोकं असह्य दुखतं, उलट्या होतात, आकडी येते, आणि घरचे त्याला बाहेरची बाधा समजतात. बाळंतिणीला पाणी बेताने द्यावं, अशी समजूत अजून घरोघर आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त गोठण्याचा धोका वाढतो. बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी द्या, हे सुइणीपासून सासूपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायला हवं.

झटका आल्यावर काय करायचं, हेही इथेच सांगतो, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक मिटणारे वाचक असतात. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतं का पाहा. दोन्ही हात समोर उचलायला सांगा, एक हात खाली येतो का पाहा. एक साधं वाक्य म्हणायला सांगा. यांतलं एकही बिघडलेलं असेल, तर १०८ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ सालापासून आहे. तोंडाने पाणी, साखर, गोळी काहीही देऊ नका, ॲस्पिरिनही नाही. रक्तदाब घरी उतरवायला जाऊ नका. तो माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ लक्षात ठेवा, कारण डॉक्टर सगळ्यांत आधी तेच विचारतील. आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशाच इस्पितळात थेट जा. अंगावरून वारं गेलं म्हणून तेल चोळत बसणं, कबुतराचं रक्त लावणं, लकव्यावर औषध देणाऱ्या गावाची गाडी पकडणं यांत हातातले तास जातात. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप ओसरली, तरीही जा. पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो.

शेवटी पुण्याकडून एक मागणी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बंगळूरच्या केंद्राने कटक, तिरुनेलवेली, कोटा, वाराणसी आणि कछार इथे लोकवस्तीवर आधारित पक्षाघाताच्या नोंदवह्या चालवल्या. त्या यादीत महाराष्ट्रातलं ठिकाण नाही. पुण्याला मोजणी परकी नाही. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत केईएम रुग्णालयाचं वढू केंद्र २००२ सालापासून जन्म-मृत्यूची घरोघर नोंद ठेवत आलं आहे. स्वारगेटभोवतीचे शहरी प्रभाग आणि भोरकडची गावं मिळून अशी एक नोंदवही उभी राहिली, तर कोण किती वेळात पोहोचलं, कुणाला स्कॅन मिळालं, महिन्यानंतर आणि वर्षानंतर कोण जिवंत होतं, चालत होतं, हे आपल्या भागाविषयी आपल्याला कळेल. महापालिका, जिल्हा परिषद, वैद्यकीय महाविद्यालयं आणि खासगी इस्पितळं यांनी मिळून करण्याजोगं हे काम आहे. तिरुवनंतपुरमच्या शहर-खेड्यातला तो दीडपटीचा फरक आपल्याकडे किती आहे, हे आधी कळू द्या. तो कमी करण्याची जबाबदारी मग कुणाला टाळता येणार नाही.

या पुस्तकाच्या वाचकांत डॉक्टर असतील, आशा कार्यकर्त्या असतील, बसस्थानकावरचे कर्मचारी असतील आणि ज्यांच्या घरात खाटेवर कुणीतरी आहे अशी माणसंही असतील. प्रत्येकाने आपापलं प्रकरण आधी वाचावं. आणि पुस्तक हाती घेतल्याच्या आठवड्यात घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्यावा, एवढी विनंती करतो.

स्वारगेट, पुणे